सव्वानऊची पंढरपूर अजून पाठ आहे

पत्राचा गोषवारा: पत्र ४७ वर्षांच्या एका ताईंचं आहे. त्या कोल्हापुरात एका पतसंस्थेत नोकरी करतात. त्यांचे वडील, घरच्यांचे आप्पा, ७४ वर्षांचे. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आणि आता आईंसोबत तासाभराच्या अंतरावर गावी राहतात. आप्पांना वीसेक वर्षं बीपी आहे. गोळी लिहून दिलेली आहे, पण डोकं जड वाटलं तरच ते ती घेतात. 'वयात शंभर मिळवायचे, तेवढं बीपी चालतं' हा त्यांचा हिशेब. गेल्या श्रावणात एका सकाळी हातातली कपबशी निसटली, उजवा हात उचलेना, बोलणं बोबडं झालं. वीस मिनिटांत सगळं ठीक झालं आणि 'पित्त असेल' म्हणून विषय मिटला. त्यानंतर आप्पा बदललेत. लवकर चिडतात, कशात लक्ष नसतं, चालताना पाय घासतात. वीजबिल दोनदा भरलं. एका लग्नाला जाताना गाडी कुठे बदलायची हे जुळवता येईना, म्हणून स्टँडवरूनच घरी परत आले. मात्र पस्तीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांच्या वेळा आजही घडाघडा सांगतात. त्यामुळे पुण्याचा भाऊ म्हणतो, 'डोकं ठणठणीत आहे, हट्टीपणा आहे नुसता. या वयात तपासण्यांचा छळ नको.' आई म्हणतात, त्यांच्या मनाविरुद्ध काही नको. ताई विचारतात: हा स्मृतिभ्रंश आहे का? स्मरणशक्तीची एखादी गोळी मिळेल का? आप्पांना न सांगता बीपीची गोळी कुटून चहात घातली तर चालेल का? पत्राच्या शेवटी एक ताजा कलम आहे: 'संस्थेच्या शिबिरात माझंही १५२/९६ निघालं. टेन्शनचं असेल. गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणतात, म्हणून मी थांबले आहे.'

ताई,

आधी श्रावणातली ती वीस मिनिटं. तुम्ही ती दोन ओळींत उरकलीत, पण मी तिथून पुढे जाऊ शकले नाही. हात वर न होणं, जीभ जड होणं, यातलं काहीच पित्ताने होत नाही. आप्पांना मी तपासलेलं नाही, म्हणून पत्रावरून निदान करणार नाही. पण दवाखान्यात कुणी मला हीच हकीकत सांगितली असती, तर तो पक्षाघाताचा इशारा आहे असंच धरून मी कामाला लागले असते. मेंदूकडे जाणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तेवढ्या भागाचं काम थांबतं, आणि नशिबाने गुठळी विरघळली की हात पुन्हा हलायला लागतो. हात हलायला लागला की घरचेही निश्चिंत होतात. अशा इशाऱ्यानंतर मोठा झटका येण्याची भीती पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असते. आप्पांचे ते दिवस सुखरूप गेले, पण गुठळी कशामुळे झाली हे अजून कुणी पाहिलेलंच नाही.

म्हणून हे काम याच आठवड्यातलं समजा. फिजिशियनकडे, जमलं तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. त्या सकाळची हकीकत आईंना सांगू द्या, कारण समोर त्या होत्या. मेंदूचा एमआरआय, मानेतल्या रक्तवाहिन्यांची डॉपलर, ईसीजी आणि रक्ताच्या काही तपासण्या डॉक्टर सांगतील. ईसीजी कशाला, असं भाऊ विचारेल. हृदयाचे ठोके अनियमित असले तर गुठळी हृदयात तयार होऊन मेंदूत जाऊ शकते, आणि मग औषधच वेगळं द्यावं लागतं. तोपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन सुरू करू नका. पक्षाघात गुठळीने होतो तसा रक्तस्रावानेही होतो, आणि तिथे तीच गोळी घात करते.

पुन्हा तसं काही झालं तर काय करायचं, हे आईंना आजच सांगून ठेवा. तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक तोल जाणं किंवा दिसेनासं होणं: यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ पाहून वेळ कागदावर लिहायची. आप्पा शेवटचे ठीक कधी दिसले, ती वेळ. मग लगेच १०८. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करावा लागतो. त्यामुळे चोवीस तास स्कॅन आणि हे इंजेक्शन असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, हे आत्ताच, कुणी आजारी नसताना, फोन करून विचारून ठेवा आणि नंबर भिंतीवर लावा. आप्पांना लिंबूपाणी, साखरपाणी काहीही पाजायचं नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. घाबरून घरातली बीपीची गोळीही द्यायची नाही. झटका येत असताना मेंदूला रक्त पोचवायला तो दाब लागतो, आणि तो एकदम उतरवला तर नुकसान वाढतं. हात दहा मिनिटांत हलायला लागला तरी जायचंच.

आता गाड्यांच्या वेळांबद्दल. 'सव्वानऊची पंढरपूर, पावणेदहाची सोलापूर' हे आप्पा न चुकता सांगतात, मग त्यांच्या डोक्याला काय झालंय, असं भावाला वाटतं. तुमचा प्रश्नही तसाच आहे: स्मरणशक्ती चांगली आहे, मग हा स्मृतिभ्रंश कसा? मला वाटतं, या शब्दानेच आपली फसगत केली आहे. स्मृतिभ्रंश म्हटलं की विसरणं डोळ्यांसमोर येतं: नातवाचं नाव विसरले, जेवलो हे विसरले. अल्झायमरमध्ये बहुतेकदा सुरुवात तशी होते. बीपीने मेंदूला जी इजा होते ती अनेकदा वेगळ्या दाराने येते. आठवण शाबूत राहते, पण जुळवाजुळव जमत नाही. कामाचा क्रम लावणं, दोन गोष्टी एकदम डोक्यात धरणं, बेत बदलला तर त्याप्रमाणे वळणं, हे आधी मंदावतं. सोबत उत्साह जातो, चिडचिड वाढते, पावलं आखूड होतात. आप्पांना पाठ असलेलं वेळापत्रक आठवतं. नवीन प्रवासात दोन गाड्यांचा मेळ घालायचा होता, तो बसला नाही. पस्तीस वर्षं दुसऱ्यांना गाड्या जुळवून दिलेला माणूस स्टँडवरून परत येतो, तेव्हा त्याला स्वतःला काय वाटलं असेल याचा मी बराच वेळ विचार करत होते. ते तुमच्याशी याबद्दल बोलले आहेत का? नसतील तर विचारा. हळूच, एकटे असताना.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक यायचे. श्लोकांमागून श्लोक म्हणून दाखवायचे आणि मुलगा कौतुकाने बघत बसायचा. मी त्यांना कागद देऊन घड्याळ काढायला सांगितलं. गोल छान काढला, बाराही आकडे घातले. मग म्हटलं, 'सर, आता अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.' त्यांनी एक काटा अकरावर नेला आणि दुसरा दहावर. मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. काहीतरी चुकलंय हे कळत होतं, काय चुकलंय ते सापडत नव्हतं. आकडा ऐकला की हात त्या आकड्याकडे जातो. त्याला थांबवून 'दहा मिनिटं म्हणजे दोनवर' असं वळवायचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो, आणि तिथपर्यंत निरोप नीट पोचत नव्हता. त्यांच्या एमआरआयमध्ये आत खोलवर पांढरे ठिपके पसरलेले होते. त्यांना कधी पक्षाघात झाला नव्हता, म्हणजे निदान कुणाच्या लक्षात आला नव्हता. बीपी मात्र चौदा वर्षांचं होतं. (ही चाचणी तुम्ही घरी घेऊ नका. मुलीने बापाची परीक्षा घेतली तर ती त्यांच्या जिव्हारी लागेल, आणि एका चित्रावरून निदान होतही नाही.)

हे होतं कसं? मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा तो घेतो. मेंदूच्या तळाशी मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, आणि त्यांच्यातून केसासारख्या बारीक वाहिन्या थेट काटकोनात निघून आत खोल जातात. ठिबकची बारीक नळी मोटारीच्या मुख्य पाइपला मध्ये व्हॉल्व्ह न लावता जोडली तर काय होईल, ते शेतीवाल्या घरात सांगायला नको. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून त्या बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात, आतली वाट अरुंद होते. कुठे वाहिनी बंद पडून मुगाएवढा भाग मरतो, कुठे ती फुटते. बाकी ठिकाणी रक्त कमी कमी पोचत राहतं, आणि झळ बसते ती मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तारांना. आप्पांच्याच भाषेत सांगायचं तर सगळे स्टँड जागच्या जागी आहेत, पण एका कंट्रोलरचा फोन दुसऱ्याला लागत नाही. आणि यातलं काहीही दुखत नाही.

दुखत नाही म्हणूनच 'डोकं जड झालं की गोळी' ही पद्धत चालत नाही. बीपी जाणवतं, हा समज मी रोज ऐकते. बहुतेक माणसांना १८० असतानाही काही जाणवत नाही, आणि डोकं जड होतं ते झोप न झाल्यानेही होतं. अधूनमधून गोळी घेतल्याने दाब खालीवर हेलकावत राहतो, आणि त्या बारीक वाहिन्यांना तोही सोसत नाही.

'वयात शंभर' हा हिशेब आप्पांचा एकट्याचा नाही. एके काळी जगभरच्या डॉक्टरांना असंच काहीसं वाटायचं: म्हातारपणी कडक झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच, तो उतरवू नये. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता, आणि त्यांचे खासगी डॉक्टर लोकांना त्यांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम असल्याचं सांगत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी 'डोक्यात मागच्या बाजूला भयंकर दुखतंय' म्हणत ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि तेव्हा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला. वय ६३. हातात धड औषधही नसण्याचा तो काळ होता. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांची पिढ्यान् पिढ्या नोंद ठेवणारा अभ्यास सुरू झाला, आणि त्यातून वयाप्रमाणे वाढलेला दाबही निरुपद्रवी नसतो हे कळत गेलं. आप्पांचा हिशेब त्याच्या आधीचा आहे. त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. आकड्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला उपदेशापेक्षा आकडे पटतात.

भावाचा मुद्दा मला क्रूर वाटत नाही. वडिलांना दवाखान्याच्या रांगांमध्ये बसवू नये, असं त्याला मनापासून वाटत असणार. पण 'या वयात काय उपयोग' हे खरं नाही. ८० वर्षांपुढच्या ३,८४५ लोकांवर बीपीच्या साध्या गोळ्यांचा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले, पक्षाघातही कमी दिसले, आणि फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. आप्पा तर ७४ चे आहेत.

मेंदूच्या क्षमतेचं काय? इथे मी तोलून बोलणार आहे, कारण खोटी आशा दाखवणं मला पाप वाटतं. अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त लोकांचे दोन गट केले होते. एका गटाच्या बीपीचा वरचा आकडा १२० च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा १४० च्या खाली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षात, पहिल्या गटात स्मृतिभ्रंशाच्या आधीची सौम्य पायरी गाठणारे १९ टक्क्यांनी कमी होते. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशही कमी दिसला, पण तो फरक पक्का म्हणता येण्याइतका नव्हता. मग चीनमधल्या ३२६ खेड्यांत जवळपास चौतीस हजार लोकांवर अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या खेड्यांत गावातल्याच साध्या आरोग्यसेवकांनी, वरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, लोकांचं बीपी चार वर्षं आटोक्यात ठेवलं. बाकीच्या खेड्यांच्या मानाने तिथे स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी झाला. मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो हा की मोठं रुग्णालय किंवा महागडं औषध लागलं नाही. साध्या गोळ्या रोज दिल्या गेल्या आणि कुणीतरी नियमित विचारपूस केली.

याचा अर्थ आप्पांच्या तुटलेल्या तारा गोळीने जुळतील असा नाही. झालेली इजा बहुतेक राहील. पुढची थोपवता येते, आणि जेवढं उरलंय तेवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं चांगलं जगू शकतो. स्मरणशक्तीची गोळी, टॉनिक, जाहिरातीतली कॅप्सूल यांवर पैसे घालू नका. आप्पांच्या घरात मेंदूची गोळी आहेच. ती डब्यात पडून आहे.

तपासणीत एक गोष्ट मात्र आग्रहाने मागा: मंदपणाची दुसरी कारणंही शोधायची. बी-१२ कमी असणं (शाकाहारी घरांत सर्रास आढळतं), थायरॉइड, साखर, रक्तातलं सोडियम घटणं, कमी ऐकू येणं, झोपेत घोरताना श्वास अडकणं, उदासीनता. यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात. घोरण्याबद्दल आईंनाच विचारा, आप्पा नाहीच म्हणतील. आणि गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून आणून काही दुखण्याच्या गोळ्या घेतात का, तेही बघा. त्यांनी बीपी चढतं आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. तंबाखू-चुना असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

आता चहात कुटून घालायच्या गोळीबद्दल. तुमची तगमग मला कळते. तरी नको. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या कुटल्या तर सगळं औषध एकदम उतरतं. एखाद्या दिवशी तुम्ही चहातून दिलेली आणि त्यांनी डोकं जड वाटलं म्हणून घेतलेली, अशा दोन होतील, आणि रात्री उठताना ते पडतील. आणि हे त्यांना कळलं की (घरात अशा गोष्टी कळतातच) ते चहाकडेही संशयाने बघतील. आप्पांना अजून समजतं. समजणाऱ्या माणसाला फसवून औषध देऊ नये.

यामागे एक मोठा गैरसमज आहे, तो मला सोडवायचा आहे. तुम्ही सगळे आप्पांना हट्टी म्हणता. रोज आठवणीने, ठरलेल्या वेळी, त्रास नसताना गोळी घेणं, पट्टी संपण्याआधी दुसरी आणून ठेवणं, हे जुळवाजुळवीचंच काम आहे, आणि तेच त्यांना जड जायला लागलंय. गोळी न घेतल्याने जी शक्ती कमी झाली, गोळी घ्यायला तीच लागते. थोडा हट्ट असेलही, पण मला वाटतं बऱ्याच वेळा 'मला नको ती गोळी' म्हणणं हे 'घेतली की नाही आठवत नाही' असं कबूल करण्यापेक्षा सोपं असतं. म्हणून समजावत बसू नका. ते ओझंच त्यांच्या डोक्यावरून उतरवा. डॉक्टरांना विचारून सगळ्या गोळ्या होतील तितक्या एका वेळेवर आणा, जमलं तर दोन औषधं एकाच गोळीत. सात खणांचा डबा आणा आणि रविवारी तुम्ही भरा. तो देवघरापाशी किंवा जिथे त्यांचा सकाळचा चहा ठेवला जातो तिथे ठेवा. आईंनी आठवण करायची नाही, फक्त डबा आणि पाणी समोर ठेवायचं. आठवणीत आणि टोचणीत घरातल्या बायकांचं आयुष्य जातं, आणि आईंनाही विश्रांती हवी.

खर्चाची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात चौकशी करा. उच्च रक्तदाबाचा सरकारी कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे, महाराष्ट्र त्यात सुरुवातीपासून आहे, आणि नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.

बीपी किती खाली आणायचं, हे डॉक्टरच ठरवतील. साधारणपणे १४०/९० च्या आत, आणि सोसत असेल तर १३०/८० च्या आसपास. पण हळूहळू, काही आठवड्यांत. बसून मोजल्यावर आप्पांना उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायला सांगा. उभं राहिल्यावर दाब फार उतरत असेल तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते, आणि मग औषध त्याप्रमाणे बदलावं लागतं. एक जागा अशी आहे जिथे लोक हमखास चुकतात: तीन महिन्यांनी १२८ आलं की 'उतरलं' म्हणून गोळी बंद. ते गोळीमुळे उतरलेलं असतं.

मिठाचं पथ्य आप्पांच्या एकट्याच्या ताटात करू नका, त्यांना आळणी जेवण शिक्षेसारखं वाटेल. दिवसाला माणशी एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, ही मर्यादा; त्यात लोणचं, पापड, फरसाण, खारी, सुका मासा सगळं आलं. माझा अनुभव असा की भाजीतलं मीठ कमी करण्यापेक्षा ताटात डावीकडे वाढलेलं मीठ आणि रोजचं लोणचं बंद केलं तर कुरकुर कमी होते. कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

पैशांचे व्यवहार हळूहळू दोघांच्या नावावर आणा, वीजबिलापासून सुरुवात करा. हे आप्पांना विचारून, त्यांची संमती घेऊन, आत्ता करायला हवं, कारण आत्ता त्यांना ठरवता येतंय.

आणि आता तुमचा ताजा कलम.

चार पानांच्या पत्रात तुम्ही स्वतःला तीन वाक्यं दिलीत, तीही सही केल्यावर. आप्पांच्या मेंदूत जे झालं ते ७४ व्या वर्षी सुरू झालेलं नाही. ते कंट्रोलरच्या केबिनमध्ये ड्यूटी करत होते, तुम्ही बहुधा कॉलेजात होतात, आणि त्यांना काहीही होत नव्हतं, तेव्हापासून ते चालू असणार. लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षं तपासणारा एक जुना अभ्यास आहे. त्यात पन्नाशीला वरचा आकडा १३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जास्त दिसला, हृदयविकार किंवा पक्षाघात झालेला नसला तरी. तुमच्यासारखीच टेबलावर बसून काम करणारी माणसं होती ती. मेंदूसाठी बीपी आटोक्यात आणायचा सर्वांत मोलाचा काळ चाळिशी-पन्नाशीचा, म्हणजे तुम्ही आत्ता ज्यात आहात तो.

'टेन्शनचं असेल' हे खरंही असू शकतं. शिबिराच्या गर्दीत, उभ्याने, एकदाच मोजलेल्या आकड्यावर मीही गोळी देणार नाही. पण ते मोजून ठरवायचं असतं, गृहीत धरायचं नसतं. दंडावर पट्टा बांधायचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. चहा घेऊन अर्धा तास झालेला असावा, लघवी करून यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवावा, पट्टा बाहीवरून बांधू नये. मोजताना बोलू नये. मिनिटभराने पुन्हा एकदा. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर ते टेन्शन नाही, बीपीच आहे, आणि डॉक्टरांकडे जायला हवं. वजन, मीठ, चालणं, झोप यांनी काहींचं खरोखर आटोक्यात येतं, काहींना गोळी लागते. 'सुटत नाही' म्हणता, तर चष्माही सुटत नाही. गोळीची सवय लागत नाही. आजार टिकून राहतो म्हणून गोळी चालू राहते.

तर येत्या रविवारी गावी जाताना ते यंत्र आणि एक जाड पुठ्ठ्याची वही बरोबर न्या. आप्पांनी आयुष्यभर लॉगशीटवर गाडी आली, गाडी सुटली, वेळ, सही, अशा नोंदी ठेवल्या. ती सवय हातात मुरलेली असते, नवीन जुळवाजुळव त्यात लागत नाही. वहीत रकाने आखून द्या: तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. आधी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधा. आप्पांना तुमचं शिबिरातलं १५२/९६ सांगा आणि म्हणा, 'आप्पा, मला माझी नोंद ठेवायला जमत नाही, तुम्ही ठेवाल का? मी रोज सकाळी फोन करून आकडा सांगेन.' यात खोटं काही नाही. एकदा मोजून तुम्ही थांबून राहिलात, हे तुम्हीच लिहिलं आहे. तुमचा आकडा लिहून झाला की शेजारच्या पानावर त्यांचं नाव घाला आणि पट्टा त्यांच्या हातात द्या.